मिसरचा शिल्पकार : महमूद मुख्तार



आपल्या समाजातील शिक्षणसंस्थांच्या स्मरणिका उघडल्या की सर सय्यद अहमद खान, मौलाना आझाद, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांची चरित्रे आपणांस हमखास वाचावयास मिळतात. ती मिळावीत, यात दुमत नाही. परंतु यंदा मी आपल्यापुढे एका वेगळ्याच माणसाची हकिकत ठेवणार आहे. हा माणूस डॉक्टर नव्हता, बॅरिस्टर नव्हता, मोठा सरकारी अंमलदारही नव्हता. तो दगड घडवीत असे. दगड घडवण्याचे उच्च शिक्षण घेण्यासाठी तो घरदार सोडून समुद्रापार गेला आणि त्याने केलेला एक पुतळा साऱ्या राष्ट्राने वर्गणी काढून उभारला. त्याचे नाव महमूद मुख्तार.

हे चरित्र मी मुद्दाम निवडले आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की पालक शाळेत येतात आणि सायन्स की कॉमर्स एवढाच प्रश्न विचारतात. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत ज्याला उत्तम श्रेणी मिळाली आहे, त्या मुलाच्या वतीने कोणी काही विचारीत नाही. विचारलेच तर दोन शंका लगेच पुढे येतात. एक, यात पोट भरेल का? दुसरी, हे आपल्या दीनमध्ये बसते का? या दोन्ही शंका मुख्तारच्या काळातील मिसरमध्येही होत्या. तेथे त्यांचे काय झाले, ते आपण वाचावे.

मुख्तारचा जन्म १० मे १८९१ रोजी नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशात, महल्ला अल-कुब्रा या गावानजीकच्या तुंबारा नावाच्या खेड्यात झाला. वडील गावचे उमदा होते. उमदा म्हणजे आपल्याकडचा गावपाटील म्हणा ना! तथापि मुलाच्या वाट्याला पाटिलकीचा थाट फारसा आला नाही. त्याचे लहानपण आईबरोबर, बऱ्याच अंशी आजोळच्या आधाराने गेले. गावच्या मकतबात तो कुराणपठण शिकला. मकतब सुटले की कालव्याच्या काठी बसावे, ओल्या चिखलाची माणसे, जनावरे, डोक्यावर घागर घेतलेल्या बाया कराव्यात, हा त्याचा छंद. नाईलच्या गाळाची ती माती चिकण आणि काळीभोर असते, हातात घेतली की आकार द्यावासा वाटतो. कोकणात किंवा देशावर पहिल्या पावसात आपली मुले जे करतात तेच हा मुलगा करीत होता. फरक एवढाच की त्याने ते सोडले नाही.

१९०२ च्या सुमारास मायलेक कैरो शहरात आले आणि गोरगरिबांच्या जुन्या वस्तीत राहू लागले. तेथून जवळच, दर्ब अल-जमामीज या भागात, १९०८ साली एक नवी शाळा उघडली. राजघराण्यातील शहजादा युसूफ कमाल याने स्वखर्चाने काढलेले हे ललितकला विद्यालय होते. आपल्या मुंबईत सर जे. जे. कला विद्यालय १८५७ सालीच सुरू झाले होते. कैरोला त्यानंतर ५१ वर्षे वाट पाहावी लागली. परंतु कैरोच्या विद्यालयाची एक गोष्ट आपल्या संस्थेच्या विश्वस्तांनी व देणगीदारांनी अवश्य ध्यानात घेण्याजोगी आहे. शहजाद्याने या शाळेसाठी जमीन वक्फ केली. त्या उत्पन्नावर शाळा चाले. विद्यार्थ्यांकडून फी घेतली जात नसे, साहित्यही शाळेकडूनच मिळे. मशीद, मदरसा, मुसाफिरखाना आणि दवाखाना यांसाठी वक्फ केल्याचे आपण ऐकतो. कलेच्या शिक्षणासाठी वक्फ केल्याचे क्वचितच ऐकतो. सतरा वर्षांचा महमूद पहिल्याच तुकडीत दाखल झाला. फी असती तर तो त्या दारातून आत गेला नसता, हे उघड आहे.

आता दुसऱ्या शंकेकडे वळू. कैरो म्हणजे अल-अझहरचे शहर. तेथे पुतळे घडवण्याची शाळा निघते याचा अचंबा वाटणे साहजिक आहे. याची पार्श्वभूमी अशी की त्या काळी मिसरचे मुफ्ती होते शेख मुहम्मद अब्दुह. १८९९ पासून १९०५ साली इंतकाल होईपर्यंत ते या पदावर होते. सिसिली बेटाच्या प्रवासात त्यांनी तेथील संग्रहालये पाहिली, जुनी चित्रे व पुतळे किती काळजीने जपले जातात ते पाहिले, आणि १९०४ मध्ये 'अल-मनार' या मासिकात त्यावर लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय थोडक्यात असा : अरबांनी आपले जुने काव्य जपले, कारण त्यात मागच्या लोकांचे जीवन दिसते, चित्र व शिल्प यांचेही काम तेच आहे, फक्त ते कानाऐवजी डोळ्यांशी बोलते. हदीसमधील मनाईचा रोख मूर्तिपूजेकडे आहे. जेथे पूजेची भीती उरलेली नाही आणि ज्ञानाचा फायदा आहे, तेथे ती मनाई लावू नये, असा त्यांचा कौल होता.

सर्व उलेमांनी हे मत मान्य केले असे मात्र नाही. त्या वेळीही केले नाही, आजही मतभेद आहेत. प्रस्तुत लेखक मौलवी नाही; फतवा देण्याचा त्याला अधिकार नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासातील आलिमाला जरूर विचारावे. आपण चित्रकला, सुलेखन, वास्तुकला, वस्त्रांचे नक्षीकाम, कलेचा इतिहास यांपैकी काही शिकणार असाल तर हा वाद आपल्या वाटेत फारसा येतही नाही. सांगायचे एवढेच की या प्रश्नाचा विचार एका मोठ्या मुफ्तींनी शंभर वर्षांपूर्वी केला होता, आणि प्रश्न टाळून नव्हे तर त्याला सामोरे जाऊन केला होता.

विद्यालयाचे पहिले प्रमुख गीयोम लाप्लान्य हे फ्रेंच शिल्पकार. त्यांनी महमूदचा हात ओळखला. विद्यालयातील शिक्षण पुरे झाल्यावर शहजाद्याच्या शिष्यवृत्तीवर मुख्तार पॅरिसला रवाना झाले. तेथील प्रख्यात एकोल दे बोझार या कलासंस्थेत त्यांना प्रवेश मिळाला व झ्यूल कूतां या शिल्पकाराच्या हाताखाली ते शिकू लागले. वय अवघे वीस-एकवीस.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबून एक गोष्ट समजावून घेऊ. आज कलाशाखेत पदवीनंतर एम.एफ.ए. किंवा एम.व्ही.ए. करता येते, त्यापुढे पीएच.डी.सुद्धा करता येते. हे ऐकून पुष्कळांना हसू येते. चित्र काढण्यात संशोधन ते कसले, असे ते विचारतात. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेत एक प्रश्न घेऊन बसतो. कलेचा विद्यार्थीही एक प्रश्नच घेऊन बसतो. त्याची प्रयोगशाळा म्हणजे त्याची कार्यशाळा. तो काम करून पाहतो, मोडतो, पुन्हा करतो, पूर्वसूरींनी काय केले ते तपासतो, आणि आपण कोणत्या वाटेने कोठे पोहोचलो ते लिहून परीक्षकांपुढे मांडतो. मुख्तारांच्या काळी अशी पदवी मिसरमध्ये नव्हती. त्यांनी प्रबंध लिहिला नाही. परंतु पॅरिसमधील त्यांची वर्षे संशोधनाचीच होती असे माझे मत आहे, कारण त्यांच्यापुढे एक नेमका प्रश्न होता.

तो प्रश्न असा. पॅरिसमध्ये शिकवली जाणारी शिल्पकला ग्रीक-रोमन वळणाची. शरीराचा प्रत्येक स्नायू दाखवायचा, चेहऱ्यावर भाव आणायचा. ती हुबेहूब शिकावी तर मिसरी माणूस फ्रेंचांची नक्कल करणारा ठरतो. उलट फिरऔनांच्या काळातील शिल्पे पुढे ठेवून तशीच घडवावीत तर ती तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांची नक्कल. मग आजच्या मिसरमधल्या, आजच्या फल्लाह शेतकऱ्याच्या पोराने शिल्प घडवायचे तरी कसे? १९१३ मध्ये पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांचा 'आयदा' हा पुतळा मांडला गेला. त्याचा विषय युरोपीय संगीतिकेतून आलेला आणि घडण पॅरिसच्या शिक्षणाची. विद्यार्थ्याचे काम म्हणून ते नावाजण्यासारखे होते. प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात नव्हते.

तेवढ्यात १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. मायदेशातून येणारे पैसे बंद पडले. परक्या मुलखात, ऐन युद्धात, हा तरुण अक्षरशः उपाशी राहण्याच्या पाळीवर आला. त्यांनी काय केले? दारूगोळ्याच्या कारखान्यात मजुरी केली. बोटे हेच ज्याचे भांडवल त्याने तोफगोळ्यांची ओझी वाहिली. पुढे पॅरिसच्या ग्रेव्हँ या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात त्यांना काम मिळाले. तेथील कलाविभागाचे प्रमुखपद पूर्वी त्यांचे गुरू लाप्लान्य यांच्याकडे होते. ते आता शिष्याकडे आले. मेणाचे पुतळे करणे हे मोठ्या कलेचे काम नव्हे, असे कलावंत म्हणतात. असेल. पण त्या कामाने पोट भरले, खोलीचे भाडे निघाले आणि रात्री स्वतःचे काम करायला मोकळीक मिळाली. पोट भरेल का, असे विचारणाऱ्या पालकांनी ही बाब नजरेआड करू नये. हात शिकलेला असला की तो अडचणीत अगदी रिकामा राहत नाही. मात्र युद्धाची ती वर्षे सुखाची होती असे भासवणे खोटेपणाचे होईल.

मार्च १९१९ मध्ये इंग्रजांनी साद झगलूल या मिसरच्या पुढाऱ्याला पकडून माल्टा बेटावर पाठवले आणि सारा देश पेटून उठला. विद्यार्थी, वकील, शेतकरी, मुसलमान, ख्रिस्ती, एवढेच नव्हे तर पडद्यातल्या स्त्रियाही रस्त्यावर आल्या. सुटका झाल्यावर झगलूल आणि त्यांचे वफ्द, म्हणजे शिष्टमंडळ, शांतता परिषदेपुढे देशाची बाजू मांडण्यासाठी पॅरिसला आले. परिषदेने त्यांना दाद दिली नाही. मात्र त्याच शहरात एक तरुण मिसरी शिल्पकार एका शिल्पावर काम करीत होता. त्याला नाव दिले होते 'नहदत मिस्र', म्हणजे मिसरचा नवोदय.

या शिल्पात दोन आकृती आहेत. एक स्फिंक्स, म्हणजे सिंहाचे शरीर व माणसाचे मुख असलेला प्राचीन प्राणी. गिझाच्या पिरॅमिडांजवळचा स्फिंक्स जमिनीवर बसलेला आहे, हे आपण चित्रांत पाहिले असेल. मुख्तारांचा स्फिंक्स पुढचे पाय रोवून उठू लागला आहे. त्याच्या शेजारी एक खेडवळ बाई उभी आहे. तिचा एक हात स्फिंक्सच्या मस्तकावर आहे आणि दुसऱ्या हाताने ती चेहऱ्यावरचा पदर बाजूला सारते आहे. शिल्पात बारीकसारीक स्नायू नाहीत. मोठे, साधे, भरीव आकार आहेत, आणि कपड्याच्या चुण्या सरळ रेषांत खाली उतरतात. जुन्या मिसरी कारागिरांचा साधेपणा त्यात आहे, पॅरिसमध्ये शिकलेली बांधणी आहे, आणि बाई मात्र थेट तुंबाऱ्याच्या कालव्यावरची आहे. माझ्या दृष्टीने त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

१९२० च्या पॅरिस प्रदर्शनात लहान आकारातील हे शिल्प मांडले गेले आणि गौरवले गेले. वफ्दच्या मंडळींनी ते पाहिले. त्यांत वीसा वासिफ नावाचे एक ख्रिस्ती, कॉप्टिक वकील होते. हे शिल्प मोठ्या आकारात कैरोमध्ये उभे राहिले पाहिजे, असे या मंडळींनी मनावर घेतले. वर्तमानपत्रांनी वर्गणीची हाक दिली आणि लोकांनी ती दिली. शहरातील श्रीमंतांनी दिली तशीच खेड्यांतील सामान्यांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे दिली. कोणा राजाने वा विलायती सरकारने नव्हे, तर लोकांनी स्वतःच्या पैशातून आपल्या देशाचा पुतळा उभारायला घेतला, ही त्या मुलखात नवीनच गोष्ट होती.

पण वर्गणी जमली म्हणून काम झाले, असे आपल्या संस्थेच्या इमारत फंडाचाही अनुभव सांगत नाही! मुख्तार देशी परतले. पुतळा अस्वानच्या गुलाबी ग्रॅनाइटमध्ये करायचा असे ठरले. हा दगड कैरोपासून शेकडो किलोमीटर दूर, दक्षिणेला मिळतो. प्रचंड शिळा काढायच्या, आणायच्या, आणि मग कोरायच्या. ग्रॅनाइट लोखंडालाही सहज दाद देत नाही. त्यात चुकीचा घाव दुरुस्त होत नाही. फिरऔनांच्या काळी ही विद्या त्या देशात होती, पण आता इतक्या मोठ्या कामासाठी कारागीर नव्याने तयार करावे लागले. त्यातच निधी अपुरा पडला. मंत्रिमंडळे बदलत गेली, कोणी काम उचलून धरले तर कोणी अडवले. मधल्या काळात २८ फेब्रुवारी १९२२ रोजी मिसर, निदान कागदोपत्री, स्वतंत्र झाला, संसद आली, आणि अखेर संसदेने उरलेल्या कामासाठी रक्कम मंजूर केली. २० मे १९२८ रोजी कैरोच्या रेल्वे स्टेशनासमोरील बाब अल-हदीद चौकात राजे फुआद यांच्या उपस्थितीत अनावरण झाले. पॅरिसच्या प्रदर्शनापासून आठ वर्षे लोटली होती. ज्यांच्या चळवळीतून हे शिल्प जन्मले ते झगलूल ते पाहू शकले नाहीत. ऑगस्ट १९२७ मध्येच त्यांचे निधन झाले होते. पुढे १९५५ मध्ये हा पुतळा स्टेशनासमोरून हलवून कैरो विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसवण्यात आला.

मुख्तारांच्याच पहिल्या तुकडीतील दोन चित्रकारांची गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. एक युसूफ कामिल, मुसलमान. दुसरे राघिब अय्याद, कॉप्टिक ख्रिस्ती. (शहजादा युसूफ कमाल वेगळे, हे युसूफ कामिल वेगळे, नावांत गल्लत करू नये.) दोघेही कैरोत शाळामास्तर होते. दोघांनाही चित्रकलेच्या उच्च शिक्षणासाठी इटलीला जायचे होते आणि शिष्यवृत्ती कोणालाच नव्हती. त्यांनी आपसांत करार केला. कामिल आधी रोमला गेले. अय्याद यांनी स्वतःच्या शाळेतले तास घेऊन मित्राच्या शाळेतलेही तास घेतले आणि मित्राचा पगार त्याला रोमला पाठवला. मुदत भरल्यावर कामिल परत आले. मग अय्याद गेले आणि कामिल यांनी दोन शाळांचे काम ओढले. मास्तरांच्या पगारात किती शिल्लक राहते हे मी आपणांस वेगळे सांगण्याची गरज नाही! या दोघांची ही धडपड सरकारच्या कानांवर गेली आणि १९२५ मध्ये दोघांनाही इटलीतील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. पुढे युसूफ कामिल ललितकला महाविद्यालयाचे प्रमुख झाले. तेच विद्यालय १९७५ मध्ये स्थापन झालेल्या हेलवान विद्यापीठात समाविष्ट झाले आणि जेथे एकेकाळी प्रमाणपत्राचीही वानवा होती तेथे कलेत मास्टर व डॉक्टरेट करणारे विद्यार्थी घडू लागले.

पुतळ्याच्या अनावरणानंतर मुख्तार स्वस्थ बसले नाहीत. १९२९ च्या सुमाराचे त्यांचे 'खमासीन' हे शिल्प मला त्यांच्या सर्व कामांत सरस वाटते. खमासीन म्हणजे वसंतात वाळवंटातून येणारा धुळीचा गरम वारा. त्या वाऱ्याला तोंड देत, अंगाभोवती कपडा घट्ट लपेटून चालणारी एक बाई, बस्स एवढेच. चुनखडीच्या दगडात वारा दाखवणे ही काय हिकमत आहे, ते त्या शिल्पाचा फोटो मिळवून आपण स्वतःच पाहावे. नदीवरून पाणी आणणाऱ्या बाया, शेताचा राखणदार, गावचा शेख अशी खेड्यातली माणसे त्यांनी एकामागून एक घडवली. १९३० मध्ये पॅरिसच्या बर्नहाइम-झ्यून या नामांकित दालनात त्यांच्या शिल्पांचे प्रदर्शन भरले. 'नाईलची नवरी' हे त्यांचे शिल्प फ्रान्सच्या सरकारी संग्रहात गेले. ज्या शहरात त्यांनी तोफगोळे वाहिले होते, त्याच शहरात हा मान मिळाला.

त्याच साली साद झगलूल यांचे दोन भव्य पुतळे, एक कैरोसाठी व एक अलेक्झांड्रियासाठी, करण्याचे काम त्यांच्याकडे आले. पण जून १९३० मध्ये वफ्द पक्षाचे सरकार गेले आणि इस्माईल सिदकी यांचे सरकार आले. नव्या सरकारला झगलूल यांचे पुतळे नकोसे होते. अडवणूक सुरू झाली, पैशांवरून तंटे झाले. मुख्तारांनी काम सोडले नाही, पण या मनस्तापात प्रकृती ढासळत गेली. मार्च १९३४ मध्ये कैरो येथे त्यांचे निधन झाले. त्रेचाळीसावे वर्षही पुरे व्हायचे होते. हात ऐन भरात आलेले असताना हे घडले, याची हळहळ वाटते.

पुतळे कैरो व अलेक्झांड्रियात उभे राहिले, पण १९३८ मध्ये, घडवणारा गेल्यानंतर चार वर्षांनी. मुख्तारांचे काम विखरून जाऊ नये म्हणून मिसरच्या स्त्री-पुढारी हुदा शारावी यांनी पुढाकार घेऊन त्यांच्या मित्रांचे मंडळ स्थापन केले आणि तरुण शिल्पकारांसाठी त्यांच्या नावाने बक्षीस सुरू केले. परदेशात राहिलेली त्यांची शिल्पे मायदेशी आणण्याची खटपट झाली. नाईलमधील गझीरा बेटावर १९६२ साली मुख्तार संग्रहालय उघडले. त्यांचे दफनस्थानही त्याच इमारतीत आहे. या इमारतीचा आराखडा रामसिस वीसा वासिफ या वास्तुशिल्पकाराने केला. पॅरिसच्या प्रदर्शनात 'नहदत मिस्र' पाहून ते कैरोत उभारायचे ज्यांनी मनावर घेतले, त्या वकील वीसा वासिफ यांचा तो मुलगा.